राणीच्या बागेतला वसंत

दिवाळीच्या अंकात वसंताचे काय काम, असे कुणी विचारील. पणत्या लागल्या आहेत, चकलीचा सोऱ्या अजून घासायचा राहिला आहे, आणि हा गृहस्थ फाल्गुन-चैत्राच्या गोष्टी सांगत बसला! पण खरे सांगायचे तर मुंबईकराला वसंत हा मागाहून आठवूनच भोगावा लागतो. तो येतो तेव्हा घरात परीक्षांची धांदल असते, मार्चअखेरची हिशेबांची गर्दी असते आणि घामाच्या धारा सुरू झालेल्या असतात. वर पाहायला सवड कुणाला?

आम्हा गिरगावकरांची तर आणखीच पंचाईत. आमच्या चाळीच्या गॅलरीतून समोरच्या चाळीची गॅलरी दिसे, आणि त्या दोहोंच्या मधून आभाळाची एक पट्टी. ऋतू ओळखायचे ते त्या पट्टीच्या रंगावरून, नाहीतर बाजारात आलेल्या जिनसांवरून. वसंत आमच्याकडे टोपलीतून येई. भुलेश्वरच्या फुलगल्लीत मोगरा स्वस्त झाला, गाडीवर कैऱ्या दिसू लागल्या, की आई म्हणे, "चैत्र लागला हो!" मग चैत्रगौरीचे हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हे, बायकांच्या ओटीत भिजवलेले हरभरे. वसंताचे सगळे स्वाद आम्हांला ठाऊक. त्याचे झाड मात्र कुणी पाहिलेले नाही.

आणि गंमत अशी की आम्ही राहत होतो ते झाडांच्याच गावात. पत्ते तेवढे वाचा: फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, जांभूळवाडी, बोरभाट, मुगभाट. भाट म्हणजे पिकाऊ, बागाइती जमीन. मलबार टेकडीच्या पायथ्यापासून समुद्राच्या वाळूपर्यंत हा सारा भाग एके काळी माड-पोफळींच्या आगरांनी भरलेला होता. पोर्तुगीज त्यांना आपल्या भाषेत 'ओर्ता' म्हणत, आणि इंग्रजांनी तोच शब्द मोडूनतोडून आपल्या दप्तरात घेतला. पुढे शहर वाढले, गिरण्या आल्या, कोकणातून आणि देशावरून माणसे आली; एकेक वाडी चाळींनी भरत गेली. झाडे गेली, नावे राहिली. मी लहानपणी फणसवाडीत फणस शोधल्याचे आठवते. जो सापडला तो फळवाल्याकडे, तोही कापलेला.

एकट्या गिरगावाचेच असे नाही म्हणा. चिंचपोकळी, वडाळा, ताडदेव, उंबरखाडी, बाभूळनाथ ही नावे घेत जा, म्हणजे मुंबईचे जुने रान डोळ्यांपुढे उभे राहते. परळ हे नाव पाडळीच्या झाडावरून आले असे काही जुने लेखक सांगतात. भायखळ्याबद्दल तर फारच सुरेख व्युत्पत्ती आहे: बहाव्याचे खळे, ते भायखळे. भाया नावाच्या कुणा माणसाचे खळे, अशी दुसरीही आहे. ज्याला जी आवडेल ती त्याने घ्यावी. मी पहिली घेतली आहे, कारण आमच्या वसंताचा पत्ता भायखळा हाच होता. राणीची बाग!

साधारण १९५५ च्या आसपासची गोष्ट. मी सात-आठ वर्षांचा असेन. वर्षातून एकदा, बहुधा होळीच्या आगेमागे, आमचे अण्णा सर्वांना घेऊन राणीच्या बागेत जात. ट्रामने, वाटेत एकदा ट्राम बदलून. बरोबर पोळी-भाजीचा डबा, फिरकीचा तांब्या, बसायला जाजम आणि आजी. आम्हां मुलांचे लक्ष सगळे हत्तीवर, वाघावर आणि माकडांवर. आजीला जनावरांत रस नव्हता. "वाघ काय बघायचा? आमच्या माहेरी तो गोठ्यात यायचा," असे म्हणून ती पिंजऱ्यांकडे पाठ करी आणि सरळ झाडांकडे चालू लागे.

आजी रत्नागिरीकडची. लग्न होऊन गिरगावात आली ती तिथलीच झाली. पण रानातली झाडे तिला माणसांसारखी ओळखू येत. पाने झडलेल्या एका काटेरी झाडाखाली लालभडक, जाड पाकळ्यांची फुले पडली होती. तिने एक उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "सावर गो! तू इथे कशी?" जणू माहेरची मैत्रीण ट्राममध्ये भेटली. मग पळस, मग पांगारा. पांगाऱ्यापाशी ती पुष्कळ वेळ थांबली. त्यावर साळुंक्या आणि कावळे मध खायला भांडत होते. अण्णा झाडांवरच्या पत्र्याच्या पाट्या वाचून लॅटिन नावे सांगत. ती नावे ऐकून आजी म्हणे, "ते त्याचं दप्तरातलं नाव असेल, घरी पांगाराच म्हणतात."

एका झाडापाशी मात्र ती हरली. फांद्यांवरून लांबच लांब दांडे खाली सुटलेले, आणि त्यांवर लाल फुले, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. जशी कुणी झुंबरे टांगावीत. हे काय झाड, तिला सांगता येईना. अण्णांनी पाटी वाचली. ते नाव मी मोठेपणी पुन्हा शोधून काढले: आमर्स्टिया नोबिलिस. मराठीत त्याला उर्वशी म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याच्या रसिकतेला दाद द्यावी लागेल.

या उर्वशीची कथा सांगण्यासारखी आहे. ती मूळची ब्रह्मदेशची. १८२० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या सरकारी बागेचे प्रमुख वॉलिक हे ब्रह्मदेशात गेले असता एका पडक्या बौद्ध मठाच्या आवारात त्यांना हे झाड दिसले. जवळच्या गुहेतल्या बुद्धमूर्तींपुढे त्याची फुले ओंजळी-ओंजळींनी वाहिलेली होती. गव्हर्नर-जनरल आमर्स्ट यांच्या पत्नीच्या आणि मुलीच्या सन्मानार्थ त्यांनी झाडाला ते नाव दिले. बातमी विलायतेला पोचली आणि तिथल्या धनिकांना वेड लागले. डेव्हनशरच्या ड्यूकने तर १८३५ साली आपला एक माळी खास या झाडाच्या रोपासाठी हिंदुस्थानात धाडला. रोप पोचले, काचघरात वाढले. पण इंग्लंडातले पहिले फूल १८४९ साली उमलले ते ड्यूकच्या घरी नव्हे, लंडनजवळच्या एका बाईंच्या काचघरात. ड्यूकसाहेबांना काय वाटले असेल ते वाटो! ज्या फुलासाठी सरदार-उमराव हिरमुसले, ते आमच्या आजीने चपला काढून, उघड्या आभाळाखाली, नाममात्र पैशात पाहिले.

आता ही बाग तिथे आली कशी, ते पाहू. १८३० साली मुंबईत 'पश्चिम हिंदुस्थानची कृषी व उद्यानविद्या मंडळी' अशा अर्थाच्या नावाची एक संस्था निघाली. नवी पिके, नवी फळझाडे या मुलखात रुजतात की नाही हे पाहणे, हा तिचा उद्योग. साहेबांबरोबर एतद्देशीय पुढारीही तिच्यात होते. आमच्या गिरगावचे नाना शंकरशेट त्यांत प्रमुख. संस्थेची पहिली बाग शिवडीला होती. पण शहराला ख्रिस्ती दफनभूमीसाठी जागा हवी होती आणि नजर गेली ती नेमकी या बागेवर. शिवडीची दफनभूमी आज ज्या भूमीवर आहे, तिथे एके काळी ही मंडळी रोपे लावीत होती. संस्थेने मग माझगावच्या हद्दीतली माउंट इस्टेट नावाची जागा घेतली आणि तिथे नवी बाग उभी केली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांना खुली झाली. नाव अर्थातच व्हिक्टोरिया राणीचे. लोकांनी 'व्हिक्टोरिया गार्डन' हे नाव कागदावर ठेवले आणि तोंडात 'राणीची बाग' घेतले.

जागा निवडली तीही मोठी भाग्याची. माझगावचा आंबा तेव्हा जगप्रसिद्ध होता. टॉमस मूर या आयरिश कवीने १८१७ साली छापलेल्या आपल्या 'लाला रूख' या काव्यात त्याचा उल्लेख केलेला आहे, आणि हा कवी कधी हिंदुस्थानात आलाही नव्हता! त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य मुंबई बेटाचा जमीनदार होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात, आपल्या या बेटावर वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड असल्याचे तो सांगतो. त्याच्या आडनावाचा अर्थही बाग असाच. तेव्हा राणीने येऊन इथे बाग केली असे नव्हे. बागेतच राणीचे नाव येऊन बसले.

काळही भरभराटीचा होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडला कापूस बंद झाल्याने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्या दिवशी बाग उघडली त्याच दिवशी शेजारच्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसली. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यासाठी वर्गणी जमवली, डॉ. जॉर्ज बर्डवुड हे संग्रहालय आणि बाग या दोहोंमागे धडपडणारे गृहस्थ. पण १८६५ साली युद्ध संपले, शेअरबाजार कोसळला, कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले. त्याच वर्षी जुलैत नानाही गेले. रखडत रखडत संग्रहालय १८७२ साली उघडले. १९७५ पासून ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाते. भाऊंच्या इतर कामांविषयी लिहायचे तर स्वतंत्र अंक काढावा लागेल.

बाग मात्र १८७३ साली म्युनिसिपालिटीकडे आली आणि खऱ्या अर्थाने गावाची झाली. पुढे १८९० च्या सुमारास शेजारची जागा जोडून तिथे प्राणिसंग्रह वाढवला. तेव्हापासून लोक बागेला जनावरांच्या नावाने ओळखू लागले आणि झाडे बिचारी मागे उभी राहिली. बाकी, शहराला नको झालेल्या वस्तू आणून ठेवायची जागा असाही या बागेचा एक उपयोग झालेला आहे. घारापुरीचा तो दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले, तो १८६४ साली विलायतेला न्यायचा घाट घातला होता. उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे येऊन पडले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. फोर्टातला काळा घोडा, म्हणजे घोड्यावर बसलेले राजपुत्र एडवर्ड, १९६५ साली इथे आणून ठेवला. तो पुतळा आल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला. आणि आल्बर्टचे वडील डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा याच बागेच्या दाराशी उभा. असे बापलेक आडवाटेने एकत्र आले. खुद्द राणीचा पुतळाही फोर्टातून निघून अखेर संग्रहालयामागे विसावला. आता बागेचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. नाव योग्यच आहे. तरी कंडक्टर अजून 'राणीबाग' अशीच हाक देतो. आणि राणी म्हणताना व्हिक्टोरियाचा चेहरा आज कुणाच्याही डोळ्यांपुढे येत नसेल.

मुंबईचा वसंत विलायतेच्या वसंतासारखा बर्फ वितळून येत नाही. तो पानगळीच्या पोटातून येतो. माघात काटेसावर पेटते, फाल्गुनात पळस आणि पांगारा. झाडावर पान नाही आणि फूल मात्र मावत नाही. चैत्रात सीतेचा अशोक नारिंगी-तांबडा होतो. कैलासपतीची फुले थेट बुंध्यातून फुटतात. फणा काढल्यासारखी त्यांची घडण आणि आत पिंडीसारखा उंचवटा पाहून त्या दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला आपल्या लोकांनी शंकराचे नाव देऊन टाकले. वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस आणि ताम्हणाची जांभळी फुले, आणि मग मादागास्करहून आलेला गुलमोहर. आफ्रिकेची गोरखचिंच मधे उभी असते; तिचा बुंधा आम्हां पाच मुलांना हात धरूनही कवेत आला नव्हता. पाच खंडांतली झाडे एका फाटकाच्या आत नांदतात, आणि त्यांतले प्रत्येक कुणीतरी कधीतरी बोटीवरून रोपटे म्हणून आणलेले, पाणी घालून जगवलेले.

ही दौलत जाते की काय अशी वेळ अलीकडेच येऊन गेली. २००७ साली बागेचा कायापालट करण्याची एक योजना पुढे आली. खर्च शेकडो कोटींचा, कल्पना परदेशी प्राणिसंग्रहालयांच्या धर्तीची. नवे पिंजरे, नवे रस्ते, नवी आकर्षणे. जनावरांची जुनी स्थिती दयनीय होती हे खरे, ती सुधारायला हवी होती हेही खरे. मी स्वतः त्या अरुंद पिंजऱ्यांपुढे पुन्हा कधी उभा राहू शकलो नाही. पण आराखडा पाहताना काही जणांना प्रश्न पडला, की एवढे सगळे बांधायचे तर झाडे कुठे जाणार? हा प्रश्न विचारणाऱ्यांत पुढे होत्या त्या मुंबईच्याच काही स्त्रिया. त्यांच्याजवळ अधिकार नव्हता, पैसा नव्हता. त्यांनी काय केले? झाडे मोजली. वही घेऊन एकेका झाडापाशी उभे राहून नाव, जात, जागा यांची नोंद केली. झाडांची संख्या तीन हजारांच्या वर गेली, जाती तीनशेच्या जवळपास. काही तर मुंबईत दुसरीकडे क्वचितच आढळणाऱ्या.

मला या मोजणीचे फार अप्रूप वाटते. मोर्चा काढणे सोपे, भाषण त्याहून सोपे. पण उन्हात मान वर करून, हे कोणते झाड आणि ते नेमके कुठे, हे लिहून घेणे. आणि मग ती वही घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणे, हे वर्षानुवर्षांचे काम आहे. या बायकांनी ते केले. ही बाग नुसते प्राणिसंग्रहालय नसून वनस्पतींचे जुने उद्यान आहे, शहराचा वारसा आहे, ही गोष्ट त्यांनी पटवून दिली. वारसा समितीने ती योजना मान्य केली नाही. मूळ आराखडा मागे पडला आणि पुढे झालेली कामे त्याहून आटोपशीर झाली. २०१२ साली बागेला दीडशे वर्षे झाली तेव्हा याच मंडळींनी तिच्या झाडांवर पुस्तक केले. आमची आजी असती तर तिला त्यांची वही आवडली असती. लॅटिन नावांसकट.

बदल व्हायचे ते झालेच. २०१६ साली दक्षिण कोरियातून पेंग्विन आले आणि दुसऱ्या वर्षी लोकांना दिसू लागले. त्यांच्यासाठी थंडगार घर बांधले. बाहेर चैत्राचे ऊन आणि आत पेरूच्या किनाऱ्याचे हे पाहुणे. मुले काचेला नाक लावून उभी असतात आणि त्यांचा आनंद खोटा नाही. पण २०१७ सालीच मोठ्या माणसाचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेले, हेही सांगितले पाहिजे. चौघांच्या कुटुंबाला शंभरात जाता येते, अशी सोय ठेवली हे बरे झाले. तरी लालबाग-परळच्या चाळीतला एखादा बाप खिशात हात घालून दाराशी घुटमळत असेल, असे माझ्या मनात येतेच. त्याला पेंग्विन नको असेल. पोरांना हिरवळीवर बसवून डबा सोडायचा असेल.

गेल्या फाल्गुनात मी नातीला घेऊन गेलो. ट्राम नाही, ती १९६४ सालीच गेली, टॅक्सीने गेलो. नातीला पेंग्विन पाहायचे होते, मला पांगारा. आधी तिचे, मग माझे, असे ठरले. पेंग्विनपाशी अर्धा तास गेला. बाहेर आल्यावर मी तिला आजीचा पांगारा दाखवायला निघालो आणि लक्षात आले, की तो नेमका कोणता ते मला सांगता येणार नाही. सत्तर वर्षे झाली. झाड तेच की त्याच्या जागी दुसरे, कोण जाणे. शेवटी जो फुललेला दिसला त्याच्याखाली थांबलो. वर साळुंक्यांची भांडणे चालूच होती.

नातीने खाली पडलेले एक फूल उचलले. "आजोबा, याचं नाव काय?"

मी पाटी वाचायला चष्मा शोधू लागलो. तो टॅक्सीत राहिला होता.

"पांगारा," मी म्हटले. "घरी पांगाराच म्हणतात."

तिने ते फूल डब्याच्या पिशवीत घातले. गिरगावात पोचेपर्यंत ते पुरते कोमेजले होते, तरी तिने गॅलरीच्या कठड्यावर वाटीत पाणी घालून ते ठेवले, आणि समोरच्या चाळीतल्या मैत्रिणीला हाका मारून दाखवले.